जळगाव ते लंडन : विमानात दहा तास, प्रवासात सव्वीस

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर आठ तासांत पोचायला हवं. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. सीटसमोरच्या नकाशावर जमिनीच्या हिशोबाने वेग दिसतो. जाताना तो आकडा आठशेच्या आसपास रेंगाळतो, येताना साडेनऊशेच्याही वर जातो. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरलेलं असतं, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

तिकिटावरच्या वेळा मात्र नीट वाचा. दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून दुपारी १ ला निघून संध्याकाळी ५.३० ला लंडन, असं दिसलं की साडेचार तासच वाटतात. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, ते मिळवले की खरे दहा निघतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा साडेचारच मिळवायचे. परतीला हेच वजा करायचं.

आपल्या खानदेशकरांचा खरा घोळ मुंबईच्या अलीकडेच होतो. जळगाव ते मुंबई हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर, रेल्वेने ४२०. गाडीप्रमाणे सहा ते आठ तास. इगतपुरीनंतर थळघाटाचा १:३७ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, उतार आहे, तिथे गाडी हळूच उतरते. पावसाळ्यात दरड आली की सगळं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून वेळापत्रकाप्रमाणे विमानाच्या किमान आठ तास आधी ठाण्यात पोचणारी गाडी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात तर आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम बरा. काउंटर बऱ्याच कंपन्यांचे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. गाडी लेट होती हे कारण तिथे चालत नाही.

सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, उगाच उलट यावं लागतं. गाडी थांबत असेल तर ठाण्याला उतरा. दोन मोठ्या बॅगा असतील तर तिथून सरळ टॅक्सी करा. सामान कमी असेल तर लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथे लाइन बदलली की पुढचंच स्टेशन टर्मिनल २ चं. नंदुरबार-दोंडाईचाकडच्यांनी सुरतमार्गे येऊन बोरिवलीला उतरावं. तिथून विमानतळ जवळ पडतो. धुळेकरांना मुंबई-आग्रा महामार्गच सोयीचा, पण भिवंडीच्या कोंडीसाठी दोन तास जास्तीचे ठेवा.

गाडीचे सात, ठाण्यापासून विमान सुटेपर्यंत आठ-नऊ, विमानात दहा, हीथ्रोच्या पासपोर्ट रांगेत आणि सामानाच्या पट्ट्यावर तास-दीड तास. बेरीज सव्वीसच्या पुढे जाते.

परतीचं रेल्वे आरक्षण करताना विमान उतरल्यापासून निदान पाच तासांनंतरची गाडी बघा, आणि चढण्याचं स्टेशन ठाणे किंवा कल्याण टाका.