टपावरची रात्र

गाडीच्या टपावर बसवायचा तंबू विकणाऱ्या मुलाने काही लपवलं नव्हतं. कव्हरची चेन अडकते, खिडक्यांच्या शिलाईतून पाणी झिरपतं, गादी पातळ आहे आणि आधीच्या गिऱ्हाइकाने याच कारणांसाठी परत केलेला नग आहे, असं त्याने बोटं मोजत सांगितलं. म्हणून 48 हजार. असेच कडक कवचाचे परदेशी तंबू दोन लाखांच्या पुढे जातात. वर्षातून सहा-सात रात्रींसाठी तेवढे मोजायची माझी ऐपत नाही, आणि असती तरी मन झालं नसतं. घेतला.

"एवढे पैसे देऊन टपावर झोपायचं?" बाबांचा पहिला प्रश्न. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी टप म्हणजे ट्रंका, सायकली आणि कोंबड्यांच्या खुराड्यांची जागा. पण पाना हातात आल्यावर त्यांचा विरोध मावळला. पहिल्याच दिवशी त्यांनी सोबत आलेले नट-बोल्ट कचऱ्यात टाकले आणि स्टेनलेसचे बोल्ट, वायसर आणि सहजी सैल न होणारे नायलॉक नट घेऊन आले.

मला धाकधूक होती ती वजनाची. गाडीच्या पुस्तिकेत छतावर 75 किलोची मर्यादा लिहिलेली. तंबू 56 किलोचा, तो ज्यांवर बसतो ते छतावरचे आडवे दांडे सहा किलोचे. मग वर दोन माणसं झोपणार कशी? बाबांना यात कोडं दिसलंच नाही. ती मर्यादा चालत्या गाडीची. ब्रेक मारला, वळण घेतलं, खड्डा आला की तेच ओझं दांड्यांना हिसके देतं. उभ्या गाडीवर वजन नुसतं सरळ खाली बसतं, आणि छत ते कितीतरी जास्त पेलतं. "उभ्या गाडीवरून कधी काही पडतं का? पडतं ते घाटात."

शिलाईसाठी भवानी पेठेतल्या एका ताडपत्रीवाल्याला गाठलं. त्याने कापड चिमटीत धरून उन्हाकडे केलं आणि सुईची भोकं दाखवली. सुती दोरा भिजला की फुगतो आणि भोक बुजवतो, हा प्लास्टिकचा दोरा तसाच राहतो. उपाय मधमाशीच्या मेणाचा: शिलाईवर घासायचं, मग केस वाळवायच्या यंत्राने गरम करून मुरवायचं. गच्चीवर दोन संध्याकाळी गेल्या. नंतर पाइपने पाणी मारलं तर एक थेंब आत नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

डिसेंबरात निघालो. चाकणच्या पुढे वेग वाढला तशी दांड्यांनी शिट्टी घालायला सुरुवात केली. नारायणगावला मिसळ खाऊन बाबांनी दांड्याला वेलासारखी सुतळी गुंडाळली आणि शिट्टी बंद! आळेफाट्याला त्यांनी सगळे नट पुन्हा तपासले. दोन अर्धा आटा सैल झाले होते. ॲव्हरेज 16 वरून 13 वर आलं, ते मात्र सुतळीने सुटणारं नव्हतं.

संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला पोचलो आणि जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीला. अमृतेश्वराच्या देवळावरचं कोरीवकाम संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघावं. मागे रतनगड, ज्याच्या कुशीत प्रवरा उगम पावते. मुक्काम एका मावशींच्या अंगणात. पिठलं-भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "म्हाताऱ्या बाबाला बी वर चढवता का?" बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. अंगणाला उतार होता. पायांपेक्षा डोकं खाली जाऊ नये म्हणून मागच्या चाकांखाली चपटे दगड घातले, पुढे-मागे करत तीनदा.

थंडी कडाक्याची होती. बाबांनी सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या.

दोनच्या सुमारास माझ्या कपाळावर थेंब पडला. शिलाई! मी टॉर्च लावला. शिलाई कोरडी ठणठणीत, पण अख्ख्या छतावर दवासारखे थेंब लोंबत होते आणि लोखंडी कमानींवरून पाणी ओघळत होतं. श्वास आणि घाम मिळून दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटर तरी पाणी बाहेर टाकतात. खिडक्या बंद, बाहेर गारठा, मग ते जाणार कुठे? गादी उचलली तर खालची बाजूही ओली. विकणाऱ्याच्या यादीत हे नव्हतं, आणि त्याचा काही दोषही नाही. खिडक्या बंद ठेवल्या तर दोन लाखांच्या तंबूतही हेच व्हायचं.

तेवढ्यात बाबांना खाली जायचं होतं. गारठलेली ॲल्युमिनियमची शिडी, नऊ पायऱ्या, बाबांचा उजवा गुडघा आणि शेजारच्या गोठ्यातून भुंकणारं कुत्रं. मी वरून टॉर्च धरला. ते वर आले तेव्हा म्हणाले, "खाली चांदणं काय पडलंय!" आणि स्वतःच एक खिडकी उघडली. आम्ही शाली गुंडाळून कुडकुडत झोपलो, पण नवे थेंब पडले नाहीत. गादीबद्दल मात्र विकणारा खरं बोलला होता. सकाळी माझी कंबर आणि खालची फळी यांची चांगली ओळख झालेली होती.

घडी घालताना ओला तंबू फुगला आणि चेन अपेक्षेप्रमाणे अर्ध्यात अडकली. मी ओढणार, तर बाबांनी हात धरला. मग नायलॉनची दोरी काढून एसटीच्या टपावरचा माल बांधतात तशी आवळली. घरापर्यंत एक गाठ हलली नाही.

ओला तंबू तसाच ठेवला तर बुरशी धरते, म्हणून आल्या आल्या तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीवरच उघडला. दोन दिवस तो रिकामा कमी आणि पोरांच्या ताब्यात जास्त होता. बाबांनी गादीखाली घालायला काथ्याच्या चटईचं माप घेतलंय, खालून हवा खेळावी म्हणून. चेन बदलून घेऊ म्हटलं तर ऐकत नाहीत.

"दोरी आहे ना," म्हणतात.