जुन्या सुऱ्यांवर काम: ग्राइंडर घ्यावा का कानस, तीन महिन्यांनंतर

तीन महिने झाले मंडळी, सहा पाती हाताखालून गेली, त्यातली दोन वाया गेली, आणि आता घरच्या घरी घासायला काय घ्यावं याबद्दल मत पक्कं झालंय म्हणून लिहायलो. आपण काही नवा चाकू घडवत नाही, घरातलाच बदलतो. तुटलेलं टोक नीट करायचं, जाड पातं पातळ करायचं, आठ इंची सुरी सहाची करायची. त्या पोलादाला आधीच पाणी दिलेलं असतंय, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं असतंय, तो कडकपणा न उतरवता काम करायचं, एवढाच सगळा खेळ आहे. मशीन घेताना मी वॅट बघितले, किंमत बघितली आणि नेमकं हेच बघितलं नाही.

पहिला घेतला चार इंची अँगल ग्राइंडर, हातात धरून चालवायचा, लातुरात गंजगोलाईतून, बावीसशेला. आईची जुनी लोखंडी सुरी होती टोक मोडलेली, तिला ८० ग्रिटची (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, जितका मोठा तितकं बारीक) फ्लॅप डिस्क, म्हणजे घासकागदाच्या पट्ट्यांची चकती लावली, टोकाजवळ हात दोन-तीन सेकंद जास्त थांबला असंल नसंल तेवढ्यात कडेला आधी गवती पिवळा रंग आला, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी मोरपंखी निळा. दिसायला लई सुंदर दिसतंय ते, पण पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशाच्या आसपास आणि निळा म्हणजे तीनशेच्या, आणि अशा सुऱ्या कडक केल्यावर साधारण दोनशेच्या आसपासच पुन्हा तापवून टेम्पर केलेल्या असतात, त्याच्या वर तापल्या की नरम पडतात. गावाकडं कोयते पाजवायला लोहार मामा येतात, त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी काही न बोलता निळी धार अंगठ्याच्या नखावर दाबली, आणि ती वाकली. म्हणले, "दादा, एवढं बोटभर कापून टाका, इथलं पाणी गेलं, मागचं पातं चांगलंय." तसंच केलं. स्टेनलेसवर हे रंग बरेच उशिरा उमटतात बरं का, म्हणून रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पातं उघड्या बोटाला चटका देतंय का ते बघत राहा.

मग सहा इंची बेंच ग्राइंडर आणला, टेबलावर बसवायचा, दगडी चाकाचा. हिशोब करून बघा, अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो, १०० मिमीच्या डिस्कची कड सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर पळते. बेंचवाला २,८०० च्या आसपास, चाक १५० मिमीचं, कड २२ मीटर. निम्म्याहून कमी, आणि तो फरक हाताला लगेच कळतो. तरी सोबत आलेला करडा दगड मला जमला नाही, लवकर गुळगुळीत होतो, मग कापायचं सोडून नुसता घासून तापवतो. त्याच्या जागी पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा ६० ग्रिटचा बसवला आणि ड्रेसरनं, म्हणजे दगड खरवडायच्या हत्यारानं, मधून मधून तोंड उघडत राहिलो, तेव्हा कुठं पातं कमी तापायला लागलं. दगड बसवायच्या आधी भोकात बोट घालून लटकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं वाजवा, टण्ण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा आहे, तो दगड चढवायचाच नाही. चष्मा आणि मास्क पाहिजेच, पण कापडी हातमोजे घालू नका, चाकात ओढले जातात.

दर फेरीला पातं बादलीत. आपल्याकडं पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं शहर आहे हे, म्हणून मी तीच बादली वापरतो, रात्रभर लोखंडाचा चुरा खाली बसू देतो, सकाळी वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेतो.

पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त काम कानशीनं झालं. दहा इंची बास्टर्ड (जाड दातांची) आणि आठ इंची स्मूथ (बारीक दातांची), दोन्ही मिळून पाचशेच्या आत. आधी कोपऱ्यात एकदा घासून बघायचं, कानस चावली तर पातं तिच्या आवाक्यातलं आहे, काचेवर सरकल्यासारखी नुसती घसरली तर पातं फार कडक आहे, ते दगडाचंच काम. पुढं ढकलतानाच दाब द्यायचा, मागं येताना उचलायची, दातांत खडू चोळला की चुरा अडकत नाही. धार सगळ्यात शेवटी, दोन बाजूंच्या कार्बोरंडम दगडावर, कडेला मार्कर फिरवून, म्हणजे कुठं घासतंय ते दिसतं.

म्हणून पाचशे-सातशेच खिशात असतील तर कानस आणि धारेचा दगड घ्या, काम अडणार नाही. तीन-साडेतीन हजार असतील तर वरून बेंच ग्राइंडर. अँगल ग्राइंडर आधीच घरात असेल तर त्याला १ मिमीची कटिंग डिस्क लावून नुसता आकार कापा, तोही रेषेच्या दोन मिमी बाहेरून, थांबत थांबत, उरलेलं कानशीनं.

आईची सुरी आता साडेपाच इंचाची झालीय. काल तिनं शेपू चिरला, दोन जुड्या, धार तशीच आहे. आता विळीचं पातं काढून दिलंय तिनं, त्याला मशीन लावणार नाही.