लायसन्सनंतरचे चौदा महिने

माझं कमर्शियल पायलट लायसन्स जून २०२३ मध्ये आलं. त्याच महिन्यात इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा फेब्रुवारीतच केली होती. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांनी पेपर वाचून सरळ हिशेब मांडला: एवढी विमानं, म्हणजे एवढे पायलट, म्हणजे आपल्या पोरीला गणेश चवथीपर्यंत नोकरी. पण ऑर्डर दिलेली विमानं यायला वर्षं जातात. शिवाय मे महिन्यातच गो फर्स्टची उड्डाणं बंद पडली होती, आणि एअरबस उडवायचा अनुभव असलेले तिथले पायलट नोकरी शोधत होते. त्यांच्या रांगेत माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, होते २१२ तास.

डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमाप्रमाणे सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्सला) २०० तास लागतात. त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपली, त्यातच ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणारं लांबचं उड्डाण, रात्रीचे ५ तास. आधी थिअरीच्या परीक्षा, त्यात पास व्हायला ७० टक्के. हे सगळं कोणत्याही माहितीपत्रकात मिळेल. मला लिहायचंय ते त्यानंतरचं. फ्लाइंग स्कूलमध्ये असताना प्रत्येक दिवसाला पुढची पायरी ठरलेली असते. सोलो, क्रॉस कंट्री, नाइट, चेक. लायसन्स हातात आलं की पायऱ्या संपतात, आणि त्या दिवसापासून आपण जे शिकलो ते हळूहळू विसरायला लागतो. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

खरं तर अडचण लायसन्सच्या आधीच सुरू झाली. लायसन्सच्या अर्जाची माझी फाइल एकदा परत आली. एका क्रॉस कंट्रीच्या नोंदीत माझ्या लॉगबुकात २ तास ४० मिनिटं होती आणि शाळेच्या रेकॉर्डमध्ये अडीच तास. दहा मिनिटांचा फरक. मी इंजिन सुरू केल्यापासूनची वेळ लिहिली होती, तिथे विमान हलल्यापासूनची. त्या एका ओळीमुळे खालच्या सगळ्या बेरजा बदलल्या, दीड वर्षाची पानं पुन्हा तपासावी लागली, शाळेकडून नवीन सही-शिक्का यायला पाच आठवडे गेले. आता कुणी शिकत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, दर महिन्याच्या शेवटी आपलं लॉगबुक शाळेच्या रेकॉर्डशी ओळ न ओळ ताडून बघा आणि सही तिथल्या तिथे घ्या. शेवटी करू म्हटलं की सही करणारे इन्स्ट्रक्टरच शाळा सोडून गेलेले असतात.

लायसन्स आलं आणि मी घरी आले. सीपीएलची मुदत २०२३ पासून पाचाऐवजी दहा वर्षांची झाली आहे, त्यामुळे कागद टिकतो. पण क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी, दर वर्षी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना उपकरणांवरून उडवायची परवानगी, तीही दर वर्षी. नोकरी असली की हे सगळं कंपनी बघते, नसली की आपल्याच खिशातून. आमची काजूची बाग बँकेकडे गहाण होती. बाबांनी सव्वीस वर्षं गोव्याच्या सरकारी कदंबची बस चालवली, निवृत्तीनंतर आलेले पैसे माझ्याच फीमध्ये गेले होते. मी म्हापशाला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायला लागले. त्या पगारात मेडिकल भागायचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या नूतनीकरणासाठी दोन इंजिनांचं विमान घ्यावं लागलं, त्याला मावशीने हात दिला.

त्या काळात एकाने फोन केला. परदेशात टाइप रेटिंग करून देतो, नोकरीची हमी, आधी पाच लाख भरा. टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण. त्याशिवाय एअरबस किंवा बोइंगला हात लावता येत नाही, आणि त्याचा खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. माझ्या बॅचच्या एका मुलाने नोकरी हातात नसताना ते करून घेतलं. नोकरी लांबली, सराव तुटला, आणि पुन्हा सिम्युलेटरचे पैसे भरायची पाळी आली. मी स्पष्ट सांगते, नोकरीचं पत्र हातात असल्याशिवाय टाइप रेटिंग करू नका. आणि हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, कारण एअरलाइनची निवड कोणत्याही मधल्या माणसाच्या हातात नसते.

लोक विचारायचे. चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना शेजारच्या काकीने विचारलं, “काय गो बाय, विमान केन्ना चलयतलें तूं?” त्यांच्या मनात काही नव्हतं. आमच्याच तालुक्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून दर थोड्या वेळाने घरावरून विमान जायचं, तेव्हा प्रश्न येणारच. पण मी त्या दिवशी आत जाऊन बसले, आरतीला बाहेर आलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एअरबस ए३२० च्या कॉकपिटचा पोस्टर छापून आणला. पूर्ण मापाचा, तीन तुकड्यांत. हॉलच्या भिंतीवर तो लावला, समोर जेवणाची खुर्ची ठेवली. ओव्हरहेड पॅनल छताला लावता येईना, म्हणून ते वर कलतं धरायला बाबांनी प्लायवूड ठोकून दिलं. रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ. कोणत्या क्रमाने हात कुठे जायचा, याला आमच्यात फ्लो म्हणतात. फ्लो पाठ झाला की मग चेकलिस्ट, ती दोघांनी करायची असते. एक वाचणार, दुसरा बघून उत्तर देणार. दुसरं माणूस घरात बाबाच. ते शेजारच्या खुर्चीवर चष्मा लावून बसायचे आणि एक-एक शब्द सावकाश वाचायचे. मी न बघता उत्तर दिलं की थांबायचे. “बघितलंस?” एवढंच विचारायचे. बसच्या दाराकडे मान वळवल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नव्हती. मग मी मान वळवून, बोट लावून, पुन्हा उत्तर द्यायची. गो अराउंडचा, म्हणजे उतरता उतरता न टेकता परत वर जायचा, सराव आम्ही शेकडो वेळा केला असेल. “पॉझिटिव्ह क्लाइंब” (विमान वर चढतंय) कोणी म्हणायचं आणि “गिअर अप” (चाकं आत घे) कोणी, ते आईलासुद्धा स्वयंपाकघरातून पाठ झालं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका एअरलाइनचं बोलावणं आलं. लेखी, मग सायकोमेट्रिक, मग सिम्युलेटर, मग मुलाखत. सिममध्ये ऑटोपायलटशिवाय आयएलएस अप्रोच, म्हणजे रेडिओ सिग्नलच्या आधाराने रनवेकडे उतरणं, उडवायला लावला, घाम फुटला पण जमला. मुलाखतीत एका ज्येष्ठ कॅप्टननी विचारलं, “गोव्याची आहेस ना? मग हायड्रोप्लेनिंग सांग.” साचलेल्या पाण्यावर चाकं तरंगायला लागतात आणि ब्रेक लागत नाहीत. तो वेग साधारण टायरच्या दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट, दाब पीएसआयमध्ये, वेग नॉट्समध्ये. आम्ही शिकलो त्या छोट्या सेसना विमानाला २९ पीएसआय, म्हणजे ४८ नॉट्सच्या आसपास. एअरबसला २०० च्या घरात, म्हणजे १२७. आणि हे विमान टेकतं साधारण १३० ते १४० ला. मग पुढचा प्रश्न: “म्हणजे ओल्या रनवेवर कसं टेकवशील?” मी म्हटलं, ठामपणे. अलगद टेकवायला गेलं तर रनवे वाया जातो आणि चाकं पाणी कापत नाहीत. ते काही बोलले नाहीत, वहीत लिहिलं.

हे उत्तर मी फक्त पुस्तकातून दिलं नव्हतं. हायड्रोप्लेनिंग वाचत असताना बाबांनी विचारलं होतं, पहिल्या पावसात घाटात गाडी घसरते ते हेच का. ते हे नव्हे, तिथे रस्त्यावरचं तेल आणि धूळ निसरडी होते. दोन्हींतला फरक त्यांना समजावताना मला तो स्वतःला नीट कळला.

निवड झाली. ग्राउंड स्कूल, सिमची चार-चार तासांची सत्रं, परीक्षा, मग प्रवासी नसलेल्या विमानात टेकऑफ-लँडिंगचा सराव. सगळ्यात अवघड गेला तो फ्लेअर, म्हणजे जमीन जवळ आल्यावर नाक उचलणं. सेसनाचं वजन अकराशे किलोच्या आसपास, टेकताना डोळे जमिनीपासून माणसाच्या उंचीवर. एअरबस सत्तर टनांच्या घरात आणि कॉकपिट जवळजवळ दुमजली घराएवढं वर. पहिल्या दोन लँडिंगना मी नाक उशिरा उचललं, कारण माझ्या डोळ्यांना जमीन अजून लांब वाटत होती. इन्स्ट्रक्टर म्हणाले, रनवेच्या पहिल्या खुणांकडे बघू नकोस, पलीकडच्या टोकाकडे बघ. पाचव्या वेळी बसलं.

मग लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी असलेल्या विमानात शिकणं. सुरुवातीला मागच्या सीटवर एक सेफ्टी पायलट, नंतर तोही नाही. जुलै २०२५ मध्ये रोस्टरवर मोपा आलं.

मोपाचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उंच पठार. पावसाळ्यात ढग त्यावरच येऊन बसतात, खाली गावात लख्ख दिसत असलं तरी. हवा खराब असली की टेकऑफ-लँडिंग कॅप्टनच करतात, त्यामुळे मी मॉनिटरिंगला, म्हणजे लक्ष ठेवायला आणि सांगितलेलं करायला, होते. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली आलो आणि समोर फक्त पांढरं. “गो अराउंड, फ्लॅप्स,” कॅप्टन म्हणाले. माझा हात पंखांच्या फ्लॅप्सच्या लिव्हरवर गेलेला होता. “पॉझिटिव्ह क्लाइंब.” “गिअर अप.” सगळं मिळून काही सेकंद. हात नेमका त्याच जागी गेला जिथे भिंतीवरचा कागद बोटाने घासून पांढरा झाला होता.

वीसेक मिनिटांनी दुसऱ्या अप्रोचला दिवे दिसले. कॅप्टननी विमान ठामपणे खाली ठेवलं. मी वेग उतरतानाचे ठरलेले शब्द, स्पॉयलर्स, रिव्हर्स ग्रीन, डिसेल, सेव्हंटी नॉट्स, म्हणत गेले आणि काचेवर पाणी आडवं धावत होतं.

शेजारच्या काकींचा मुलगा नेमका त्याच विमानात होता, मुंबईहून. संध्याकाळी त्याने बाबांना सांगितलं की ताईचं विमान दणकन टेकलं. बाबांनी त्याला बसवून घेतलं, कागद-पेन मागवलं आणि २०० चं वर्गमूळ काढून दाखवलं.