पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीच्या घरी शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. ती कोल्हापूरला आणायची ठरली तेव्हा कुणी म्हणालं दोर बांधून ओढत आणा, कुणी म्हणालं बॅटरी टाकून स्टार्टर मारून बघा. मी दोन्ही केलं नाही. ब्रेकची खात्री नसलेली गाडी आंबा घाटातून ओढत आणणं म्हणजे जिवाशी खेळ. टेम्पोवर चढवून आणली आणि घरी कामाला पहिली सुरुवात केली ती ब्रेकपासूनच.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम सहजासहजी निघाले नाहीत. गंज सैल करणारं तेल टाकून, कडेने लाकडी ठोकळा धरून हळूहळू ठोकत काढावे लागले. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, हे इथे आवर्जून सांगतो. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये) अॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं तर कायमचं बसतं. मी सगळं पाण्याने ओलं करून, फडक्याने पुसून घेतलं आणि ती फडकी पिशवीत बांधून टाकली.

सगळ्यात वाईट अवस्था मागच्या डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरची, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या नळकांड्याची होती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी वापरात असेल आणि ऑइल वेळच्या वेळी बदललं जात असेल तर त्याचा त्रास नाही, पण उभ्या गाडीत तो ओलावा आतून लोखंड खातो. त्यात रत्नागिरीची खारी हवा. पिस्टन जागेवरच धरला होता. तो निघाल्यावर बोअरमधून (सिलिंडरच्या आतल्या भोकातून) नख फिरवलं तर खड्डे सरळ हाताला लागत होते. असल्या बोअरमध्ये नवं रबर किट घातलं तरी ते चार दिवसांत गळणार. उद्यमनगरातल्या टर्नरकडे तो घेऊन गेलो. त्यांनी उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "साहेब, हे घासून चालायचं नाही. स्लीव्ह मारूया." बोअर मोठा करून त्यांनी आत पितळी स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवली आणि मूळ मापाला आणून दिली. बाकीचे सिलिंडर बारीक एमरीने साफ झाले. ड्रमही लेथवर हलकेच फिरवून घेतले.

स्टीलचे पाइप आणि चाकांजवळचे रबरी होज मी न बघताच बदलले. होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो, त्यामुळे तिथे काटकसर करू नये. मग ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायचं काम. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. चाकाजवळच्या एअर काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. पुतण्या पेडलवर बसला. "दाब... धरून ठेव!" म्हटलं की मी निपल सैल करायचो, बुडबुडे यायचे, निपल आवळायचो आणि मगच "सोड". "काका, आता घट्ट लागतंय," असं तो म्हणाला तेव्हा पुढच्या चाकाकडे वळलो. एक काळजी मात्र घ्या: हे ऑइल रंग खातं, म्हणून सांडलं की लगेच पाण्याने धुवा.

इंजिनाने त्या मानाने फार छळलं नाही. १०८९ सीसीचं साधं, चार सिलिंडरचं इंजिन. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि मुरू दिलं. मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने ढकलली; पुली फिरली, म्हणजे रिंगा धरलेल्या नव्हत्या. टाकी उतरवली तर जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत होता. टाकी धुऊन घेतली, कार्ब्युरेटर उघडून जेट हवेने साफ केले (तार घालू नका, भोक मोठं होतं). ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं आणि ते त्या काळचं रबर खराब करतं, म्हणून पेट्रोलचे होज आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) इथेनॉलला टिकतील असेच घेतले. प्लगच्या वायरी सिलिंडर पेटण्याच्या १-३-४-२ या क्रमाने लावल्या आणि गाडी सुरू झाली. आईला आवाज घरातूनच ओळखू आला.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला पालथं घातलं. ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. जुन्या टॅक्स्यांचे निघालेले भाग अजून सापडतात, पण दाराचे हँडल, काचेच्या रबरपट्ट्या, स्टिअरिंगवरच्या गिअरचे बुश असं काही दिसलं तर गरज नसतानाही घेऊन ठेवावं.

पत्र्याचं काम डेंटरकडे दिलं, पण शेजारी उभा राहून करून घेतलं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. गंजावर पुट्टी भरून गुळगुळीत करून देणारे पुष्कळ भेटतात. पहिल्याच पावसाळ्यात ती पुट्टी फुगते. आम्ही चांगला, वाजणारा पत्रा लागेपर्यंत कापलं, नवा तुकडा वेल्ड केला, वर रेड ऑक्साइड आणि खालून अंडरकोटिंग. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढलेली होती.

नोंदणीची मुदत संपलेली होती. फॉर्म २५ (नूतनीकरणाचा अर्ज), विमा, पीयूसी आणि आरटीओची प्रत्यक्ष तपासणी. खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी १०,००० झालं, तेव्हा खर्चाचा अंदाज बांधताना हे धरा. पर्यावरण कर वेगळा. तपासणीत चासी नंबर बघतात. आमचा जुन्या रंगाखाली गेला होता, तो थिनर आणि मऊ ब्रशने उघडा केला. तिथे ग्राइंडर लावला असता तर आकडे पुसट होऊन नसता संशय आला असता. ब्रेक आणि हँडब्रेक अधिकाऱ्यांनी स्वतः चालवून पाहिले आणि कागद हातात दिला.

आता दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी करायची आहेत. ती मातीने बुजली की पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून सडतो. जूनच्या आत तेवढं उरकलं की रंगाचं बघू.