काउंटी हर्डलची तयारी: चांगला घोडा नाही, सुटलेला मार्क शोधतोय

मंडळी, हिवाळाभर जे चाललंय त्याचा अपडेट टाकतोय. सगळ्या हँडिकॅप हर्डल (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या घोड्यांच्या रेस) एकदम करायला गेलं की हाताला काही लागत नाही, म्हणून एकच रेस धरून बसलोय, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम फेस्टिव्हलची काउंटी हर्डल. मार्चमधला शुक्रवार, चेल्टनहॅमचा न्यू कोर्स नावाचा ट्रॅक, दोन मैल आणि वर थोडं, आठ हर्डल्स, आणि वीसच्या वर घोडे एकाच वेळी सुटतात. माझ्या मते हँडिकॅपमध्ये घोडा निवडायची याच्याइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही.

पुण्या-मुंबईत रेस बघितलेल्यांना हँडिकॅप काय ते सांगायला नको, ज्याचं रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर वजन जास्त. हे रेटिंग म्हणजेच मार्क, तो हँडिकॅपर नावाचा अधिकारी ठरवतो, आणि घोड्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा तो कमी राहिला की मी त्याला सुटलेला मार्क म्हणतो. ब्रिटनमध्ये हिशोब स्टोन-पौंडात, एक रेटिंग पॉइंट म्हणजे एक पौंड, साधारण ४५० ग्रॅम, आणि दोन मैलांच्या हर्डलला एक पौंड म्हणजे ढोबळमानाने एक लेन्थ (घोड्याची एक लांबी) धरतात. पण इथे बरेच घोडे वर्षानुवर्षं पळत राहतात, त्यामुळे आठ-नऊ वर्षांचा मुरलेला घोडा हँडिकॅपरने आतून-बाहेरून ओळखलेला असतो, त्याचा मार्क जिथे असायला हवा तिथेच असतो, मग तो प्रामाणिकपणे पळून पाचवा-सहावा येतो आणि आपण म्हणतो काय छान पळाला. म्हणून मी प्रत्येक नावापुढे आधी एकच प्रश्न लिहितो, या घोड्याबद्दल हँडिकॅपरला अजून काय कळलेलं नाही?

हा प्रश्न पक्का झाला तो जुने निकाल परत परत लावून बघताना. २०२२ चा स्टेट मॅन घ्या. आयरिश ट्रेनर विली मलिन्सचा घोडा, हर्डलवर मोजक्याच रेस पळालेला, मार्क १४१, आणि फेव्हरिट म्हणून आला आणि जिंकला. त्याच घोड्याने २०२४ ला चॅम्पियन हर्डल (हर्डलमधली सगळ्यात मोठी रेस, हँडिकॅप नाही) जिंकली, म्हणजे त्या दिवशी तो हँडिकॅपमध्ये होता हेच मुळात जास्त झालं! हँडिकॅपरचा दोष नाही, त्याच्यासमोर तेवढंच आलेलं होतं. २०२४ चा अॅब्सर्ड वेगळ्या वाटेने आला, त्याने आदल्या ऑगस्टमध्ये यॉर्कला फ्रँकी डेटोरीसोबत इबोर जिंकलेली, फ्लॅटवरची (उड्या नसलेली) मोठी हँडिकॅप, म्हणजे पायात वेग आहे हे सगळ्यांना दिसत होतं पण हर्डलचा मार्क हर्डलच्या कामगिरीवरच ठरतो. आणि २०२५ ची कार्गीज, ही घोडी आदल्या वर्षी ट्रायम्फ हर्डलला दुसरी आली होती, त्याच न्यू कोर्सवर, जवळपास तेवढ्याच अंतरावर. तिघेही मलिन्सचेच.

ट्रेनरचा कॉलम मी आधी शेवटी ठेवायचो, आता वर आणलाय. २०१० ते २०२५ या सोळा रेसमधल्या आठ मलिन्सच्या आणि चार इंग्लिश ट्रेनर डॅन स्केल्टनच्या. पण दोघांचे घोडे एकाच पद्धतीने वाचून चालत नाही. मलिन्सचा बहुतेकदा कमी पळालेला, अजून वाढत असलेला. स्केल्टनचा मात्र कधीकधी कागदावर अगदी साधा दिसतो, २०१८ चा मोहायद आणि २०२३ चा फेव्वार दोघेही ३३ ला १ भावाने (एक लावला तर तेहतीस नफा) जिंकले, दोन्हीवर जॉकी ब्रिजेट अँड्र्यूज. अशा घोड्याचे शेवटचे दोन-तीन निकाल बघून लोक त्याला खोडतात, मी आता त्याच्या जुन्या चांगल्या रेसला मार्क किती होता आणि आज किती आहे एवढं आधी बघतो. पाच-सहा पौंड खाली आला असेल आणि अंतर, ग्राउंड (जमीन किती ओली किंवा कडक), कोर्स तिन्ही मनासारखे असतील तर तो यादीत राहतो.

आणि कुठलाही नियम फार घट्ट धरू नये म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आर्क्टिक फायर लिहून ठेवलाय. २०१७, मार्क १५८, टॉप वेट (रेसमधलं सगळ्यात जास्त वजन), वर्षाहून जास्त काळ रेस नाही, आणि तरी जिंकला. २०१५ च्या चॅम्पियन हर्डलला फॉहीनच्या मागे दुसरा आलेला घोडा होता तो, वजनापेक्षा दर्जा मोठा ठरला. त्यामुळे टॉप वेट दिसलं की काट, हे मी बंद केलंय.

सगळ्यात जास्त वेळ रिप्ले खातात, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. न्यू कोर्सवर शेवटच्या साधारण सहा फर्लांगात फक्त दोन हर्डल आहेत, मग चढ. म्हणजे उड्या मारून जागा कमवणाऱ्या घोड्याला शेवटी कमवायला काही उरत नाही, तिथे निव्वळ पळावं लागतं. मी व्हिडिओ थांबवून थांबवून दोन गोष्टी बघतो. एक, घोडा हर्डलवरून सपाट जातो की वर उचलला जातो. वर गेला की खाली उतरताना पुढचे पाय दणकन आपटतात, क्षणभर थबकतो, शेजारचा अर्धी लेन्थ घेऊन जातो, आणि गर्दीत हे आठ वेळा झालं तर संपलंच. दुसरी, शेवटून दुसऱ्या हर्डलच्या आधी जॉकीचे हात. बाकीचे ढकलायला लागलेत आणि एक जण अजून हात न हलवता बसलाय, पुढे वाट मिळाली नाही म्हणून सातवा आला, निकालात फक्त ७ दिसतो, आणि पुढच्या वेळी मार्क वाढत नाही. असे घोडे मी न्यूबरीच्या फेब्रुवारीतल्या मोठ्या हँडिकॅपमधून आणि आयर्लंडमधल्या लेपर्डस्टाउनमधून उचलतोय. आयरिश घोड्याला ब्रिटिश हँडिकॅपर स्वतःचा वेगळा मार्क देतो, बहुतेकदा घरच्यापेक्षा काही पौंड जास्त, त्यामुळे तिकडचा आकडा तसाच उचलून लिहू नका.

ग्राउंडचं थोडक्यात: आठवडाभर आधी ठरवून काही उपयोग नाही, शुक्रवारी सकाळी बघायचं. फ्लॅटचा वेग असलेला घोडा चिखलात मला नको.

भावाबद्दल. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपला ईच-वे (अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे प्लेसवर म्हणजे पहिल्या काहींत येण्यावर) लावला की पहिल्या चारांना पैसे, पाव भावाने, त्यामुळे २० ला १ चा घोडा चौथा आला तरी प्लेसचे ५ ला १ मिळतात. माझी पद्धत आता अशी बसलीय: एक घोडा वरच्या भावातला, ज्याचा मार्क सुटलेला वाटतो तो, फक्त विन, आणि एक लांब भावाचा ईच-वे. दोघांत घातलेले पैसे सीझनच्या सुरुवातीला बाजूला काढलेल्या रकमेतलेच, ती संपली की नुसतं बघायचं, उधारी-बिधारी अजिबात नाही. आणि ५ ला १ चा असायला हवा असा घोडा ३ ला १ ला आला असेल तर सोडून द्यायचा, कितीही आवडला तरी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मार्क सुटलाय हे सगळ्यांना दिसलं की तो फायदा भावातच संपतो.

सध्या यादीत मुख्यतः पाच-सहा वर्षांचे, कमी पळालेले घोडे आहेत आणि खाली आलेल्या मार्कवाले काही जुने. वजनं जाहीर झाली की यादी परत चाळून इथे टाकतो, प्रत्येकासमोर कारण लिहून. तोवर कुणी लेपर्डस्टाउनच्या दोन मैलांच्या हँडिकॅपचे रिप्ले बघितले असतील तर गर्दीत अडकलेले कोण कोण दिसले ते नक्की लिहा, माझ्या नोंदींशी ताडून बघायचंय.