हॅकर लोकांच्या जत्रेत पहिल्यांदाच

ऑगस्टमधे लास वेगासला जाऊन आलो. कॅसिनोसाठी नाही हो (हे आत्तापर्यंत दहा जणांना सांगून झालंय), डेफ कॉनसाठी. निघायच्या आदल्या दिवशी आईला फोनवर म्हटलं हॅकर लोकांचं संमेलन आहे, तर ती लगेच, "अरे मग तिथे पोलीस नाही का येत?" आता काय सांगू तिला, येतात की! इतके यायचे की साध्या कपड्यातला सरकारी माणूस ओळखायचा 'स्पॉट द फेड' नावाचा खेळच तिथे चालायचा.

1993 साली जेफ मॉस नावाच्या हॅकरने मित्राच्या निरोपाची पार्टी म्हणून डेफ कॉन ठरवलं, मित्र आधीच निघून गेला, तरी याने पार्टी केलीच आणि ती अजून संपलेली नाही.

मी भयंकर घाबरून गेलो होतो. जुना फोन पूर्ण रिकामा करून नेला, वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, स्मार्टवॉच घरीच. कारण तिथे 'वॉल ऑफ शीप' म्हणून एक मोठा स्क्रीन असतो, नेटवर्कवर कोणी एन्क्रिप्शनशिवाय (म्हणजे माहिती सांकेतिक न करता, उघडीच) लॉगिन केलं की त्या बिचाऱ्याचं युजरनेम आणि अर्धा झाकलेला पासवर्ड सगळ्यांसमोर झळकतो. माझा फोन बंद होता तरी मी चारदा जाऊन खात्री करून आलो.

एवढी काळजी घेणारा मी, त्याच आठवड्यात आधी ब्लॅक हॅटला (ते कंपन्यांचं, सूटबूटवालं सुरक्षा संमेलन, पास ऑफिसने दिला होता) एका स्टॉलवर मोज्यांच्या जोडीसाठी हसत हसत बॅज स्कॅन करू दिला. नाव, ईमेल, हुद्दा, सगळं गेलं. कोणी हॅक करावं लागलंच नाही. मोजे बरे आहेत, मेल अजून येतायत.

डेफ कॉनला याच्या उलट. दारात रोख पैसे द्यायचे, नाव कोणी विचारत नाही, आणि गळ्यात जो बॅज येतो त्यावर आपली ओळख फक्त 'ह्यूमन'. लाल टीशर्टवाले स्वयंसेवक म्हणजे 'गून'. ते ओरडतील तिकडे वळायचं, आणि लोकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत.

पहिला दिवस मी वाया घालवला. टॉकचं वेळापत्रक पाठ करून एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमधे धावायचं, लास वेगास कन्व्हेन्शन सेंटर हे इतकं अवाढव्य की पाय गळून जातात, बाहेर चाळीसच्या वर तापमान आणि आत एसीने दात वाजतायत, आणि पोचावं तर हॉल भरलेला. रांगेत पुढे उभा असलेला एकजण म्हणाला, अरे टॉक नंतर यूट्यूबवर येतात, तू व्हिलेजमधे जा. हे मला आधी कुणी का नाही सांगितलं!

व्हिलेज म्हणजे एकेका विषयाचा कोपरा. गाड्या हॅक करायचा आहे, फोनवर गोड बोलून माहिती काढायचाही आहे. मी कुलुपांच्या टेबलाशी बसलो. समोर पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्यांनी हातात कुलूप, एक पिक (बारीक आकडा) आणि एक टेन्शन रेंच (पीळ द्यायची पट्टी) दिली. रेंचने सिलिंडरला (किल्लीबरोबर फिरतो तो कुलपातला भाग) किंचित पीळ द्यायचा, मग पिकने आतली कुठली पिन अडकलीय ते चाचपायचं, ती वर सरकली की बारीकसं 'टक' होतं, मग पुढची. मी पंधरा मिनिटं नुसती झटापट करत होतो. बाई म्हणाल्या, तुझं टेन्शन फार जास्त आहे. म्हटलं हो, हे ऑफिसातही सगळे म्हणतात. बोटाचा जोर सैल सोडला, टक, टक, आणि सिलिंडर गर्रकन फिरला. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या टेबलावर टाळ्या पडल्या.

नंतरचे दोन दिवस मी तिथेच पडीक. टॉक ऐकले एकूण तीन.

परत आल्यावर आईने विचारलं काय शिकलास एवढं. म्हटलं किल्लीशिवाय कुलूप उघडायला. जरा वेळ शांतता, मग म्हणाली, "बरं झालं, त्या मागच्या कपाटाची किल्ली कधीची सापडत नाहीये. येतोयस कधी?"