गाडी मागितली, दाढी आली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरात आता या विषयावर मला कोणी बोलू देत नाही.

प्रश्न ठरलेला असतो. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी हिवरखेडच्या बाजारात एखादा जुना विद्यार्थी गाठतोच. "सर, किशोरकुमारचे गाणे सोडून तुमी त्याचे ते पडेल सिनेमे कायले पायता?" जावईबापूंनीही हेच विचारलं, फक्त जरा अदबीनं.

सुरुवात एका चुकीनं झाली. १९८९ च्या गणपतीत मंडळानं वर्गणी काढून व्हिडिओ आणायचं ठरवलं. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. त्यात एक 'चलती का नाम गाडी' पाहिजे, असं मीच सांगितलं होतं. तालुक्याहून कॅसेटी घेऊन आलेल्या पोरानं मला नाव दाखवलं, मी अर्ध्या अंधारात 'का नाम' एवढं वाचलं आणि मान हलवली. लावल्यावर कळलं, हा किशोरचाच 'बढती का नाम दाढी' (१९७४) आहे. मधुबाला नाही, गाडी नाही. जो सगळ्यांत लांब दाढी वाढवेल त्याला इस्टेट, आणि मग दाढ्याच दाढ्या. अमितकुमार आहे, अंगावर सोनं नसलेला तरुण बप्पी लाहिरी आहे. दहा मिनिटांत बाया उठल्या. अर्ध्या तासात मंडळाचे अध्यक्ष माझ्यासमोर येऊन म्हणाले, "मास्तर, वर्गणी वापस देता का?" शेवटी आम्ही सात जण उरलो, आणि त्यात एक झोपलेला.

त्या सातांपैकी दोघांनी, एक आमचा शिंपी आणि एक ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, तिथंच पैज लावली. दोघांनी दाढी वाढवायची. होळीला ज्याची लांब, त्याला दुसऱ्यानं रोडग्याचं जेवण द्यायचं. त्याचं पुढं काय झालं ते सांगतो.

मला मात्र झोप लागेना. तो सिनेमा चांगला होता म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा भाग कंटाळवाणा आहे. पण १९७४ साल म्हणजे किशोरच्या गळ्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती असा काळ. रेडिओ लावा, किशोर. अशा वेळी हा माणूस स्टुडिओतून निघून दाढ्यांचा सिनेमा कशाला काढत बसला?

मग शोध सुरू झाला. 'झुमरू'चं (१९६१) संगीत त्याचंच आहे, हे तेव्हा कळलं. 'दूर गगन की छाँव में' (१९६४), 'हम दो डाकू' (१९६७), 'दूर का राही' (१९७१), हे त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेले. आणि १९८० चा 'दूर वादियों में कहीं'. त्यात गाणीच नाहीत! सगळा देश ज्याच्या गळ्यासाठी वेडा, त्यानं स्वतःच्या सिनेमातून गाणंच काढून टाकलं. ही गोष्ट मी ज्याला सांगतो तो आधी हसतो आणि मग म्हणतो, पण का?

अकोल्याच्या रद्दीवाल्याकडे मला 'इलस्ट्रेटेड वीकली'चा एक अंक मिळाला. प्रीतीश नंदींनी १९८५ मध्ये घेतलेली त्याची मुलाखत त्यात होती. डिक्शनरी शेजारी घेऊन मी ती दोन रात्री वाचली. त्यातली सजावटकाराची गोष्ट तर पाठच झाली. भर उन्हाळ्यात लोकरी थ्री-पीस सूट घालून एक जण घर सजवायला आला आणि सौंदर्यदृष्टीवर व्याख्यान देऊ लागला. किशोर म्हणाला, मला दिवाणखान्यात पाणी पाहिजे, सोफ्याऐवजी लहान लहान होड्या, भिंतीवर चित्रांऐवजी जिवंत कावळे आणि छताला पंख्यांऐवजी माकडं. तो माणूस जो पळाला तो परत आलाच नाही. बंगल्याभोवती व्हेनिससारखे कालवे खणायला त्यानं खरंच घेतले होते, म्हणे. खणता खणता माणसाच्या हाताचं हाडूक निघालं, मजूर पळाले, आणि भाऊ अनुपकुमार गंगाजल शिंपडत आला. अंगणातल्या झाडांची नावं जनार्दन, रघुनंदन, बुद्धूराम. संध्याकाळी त्यांच्याशी गप्पा.

चाहत्यांना हे फार आवडतं. आम्ही किशोरवाले जमलो की होड्या आणि कावळे निघतातच. पण यात आमचीही एक खोड आहे. एकदा माणूस वेडा ठरला की त्याचं शिंकणंसुद्धा आम्हाला प्रतिभा वाटू लागतं. मी दाढीच्या सिनेमाला मोठी कलाकृती म्हणणार नाही. तो वेडेपणा मला फाटकावरच्या राखणदारासारखा वाटतो, नको त्या माणसाला भुंकून पळवणारा. त्याच मुलाखतीत तो सांगतो की माणसं त्याला कंटाळा आणतात, झाडं आणत नाहीत. फाटकाच्या आत तो काय करत होता, ते बघायचं असेल तर 'दूर गगन की छाँव में' बघा.

त्यात विनोद औषधालाही नाही. लढाईवरून परतलेला शिपाई. घर जळालेलं, बायको गेलेली, पोरगा मुका झालेला. त्या मुक्या पोराचं काम किशोरच्याच मुलानं, अमितनं, केलंय. निर्मिती, दिग्दर्शन, संगीत त्याचं, आणि सगळ्यांना माहीत असलेलं ते बापलेकाचं गाणं, 'आ चल के तुझे', लिहिलंही त्यानंच. तो स्वतः सांगायचा की मुंबईच्या अलंकार थिएटरात पहिल्या खेळाला दहा माणसं होती, आणि त्यानं ती मोजली, कारण तो स्वतःही तिथंच बसला होता. थिएटर सुबोध मुखर्जींनी त्यांच्या 'एप्रिल फूल'साठी आठ आठवडे धरून ठेवलं होतं. याचा सिनेमा पडणारच, म्हणून त्यातला एक आठवडा त्यांनी याला देऊ केला. पण बघणाऱ्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना, आणि आठही आठवडे हाऊसफुल्ल. आकडे त्याचेच आहेत, त्यात मीठमसाला किती, तो जाणे. पण दहा माणसांत बसलेला किशोर मला कळतो. मी सातांत बसलो होतो.

किशोरचं जन्मगाव खंडवा आम्हाला परकं नव्हतं. बाबा दर गुरुपौर्णिमेला दादाजी धूनीवाल्यांच्या दरबारात जायचे, अकोला-खंडवा मीटरगेजनं. वान रोड सोडलं की गाडी मेळघाटात शिरायची, आणि धुळघाटला रूळ वेटोळं घालून स्वतःच्याच डोक्यावरून जायचे. लहानपणी ती जत्राच वाटायची. १९८७ च्या १३ ऑक्टोबरला, थोरल्या भावाच्या, अशोककुमारच्या वाढदिवशी किशोर मुंबईत वारला. अंत्यसंस्कार मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे खंडव्यात झाले. दूध-जिलबी खाईन आणि खंडव्यात जाऊन राहीन, असं तो म्हणायचा. त्यानंतर बाबा दरबार झाला की मला समाधीवर सोडून बाहेर चहा घेत बसायचे. त्यांना किशोरचं काही नव्हतं.

आमच्या वावरात एक बरडाचा तुकडा आहे. बाबा त्यात दरवर्षी मनाला येईल ते पेरायचे. एका वर्षी तीळ, एका वर्षी सूर्यफूल, एका वर्षी नुसती वाळकं. हाती काही यायचं नाही. मी एकदा हिशोब मांडून दाखवला. ते म्हणाले, "कापूस बँकेचा हाय. हे बरड माह्यं." दाढीच्या सिनेमाबद्दल यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. बाजारात उभ्या उभ्या ते सांगता येत नाही, म्हणून मी हसून पिशवी पुढे करतो आणि मेथीचा भाव विचारतो.

मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद पडली. अकोल्याहून अकोटपर्यंत आता मोठी लाईन आहे, पण पुढं मेळघाटातून गाडी जात नाही. मी १३ ऑक्टोबरला धारणीमार्गे बस बदलत बदलत जातो. समाधीवर दूध-जिलबीचा भोग लागतो, माईकवर हौशी गायक रांग लावतात. मागच्या खेपेला मी शेजारच्या माणसाला विचारलं, तुम्ही बिनगाण्याचा सिनेमा पाहिलाय का? त्यानं माझ्याकडे पाहिलं, जिलबी पुढं केली आणि जागा बदलली.

आता पैजेचं. तुळशीचं लग्न झाल्यावर ड्रायव्हरला मुलगी बघायला जायचं होतं. त्याच्या आईनं दाढीसकट घरात घेणार नाही म्हटलं, आणि तो हरला. शिंपी जिंकला. पण होळीला पाऊस आला, मग ड्रायव्हरचं लग्न निघालं, मग पेरण्या, आणि रोडगे राहूनच गेले. शिंप्यानं जेवण झाल्याशिवाय दाढी काढायची नाही असं ठरवलं. ती अजून आहे, पार पांढरी झालीय. मशीनच्या चाकात अडकू नये म्हणून तो ती शर्टात खोचून शिवतो.